धुळ्याच्या पुढे

यादीत सगळ्यांत वर सुगनबाईंचं नाव होतं, आणि उत्तमचंदच्या बायकोचं कुठेच नव्हतं.

उत्तमचंदने धुळ्याहून सकाळची पहिली एस.टी. पकडली ती याच कागदासाठी. पारोळ्याला चहाला उतरला नाही, एरंडोलला भजी घेतली नाहीत. म्हणजे माणूस खरोखरच तापलेला होता. जळगावच्या घरी तो पोहोचला तेव्हा माणकचंद गच्चीवर पत्र्याच्या सावलीत चटई टाकून बसला होता. पुढ्यात मुलाचा शाळेतला जुना अ‍ॅटलास आणि हातात पेन्सिल. लंडनपासून रोमपर्यंत त्याने एक रेघ ओढली होती, आणि ती रेघ दोनदा समुद्रात पडली होती.

"दादा, हे काय आहे?" उत्तमचंदने कागद अ‍ॅटलासवर ठेवला.

"आधी पाणी तर पी."

"पाणी मागून. कमला कालपासून माझ्याशी बोलत नाही. वाच तू."

पंपाच्या कंपनीने खानदेशात सगळ्यांत जास्त पंप विकणाऱ्या दुकानाला चार माणसांची सहल बक्षीस दिली होती. नऊ दिवस आणि पाच शहरं. लंडन, ब्रसेल्स, पॅरिस, झुरिक, रोम. जळगावचं दुकान माणकचंदचं, धुळ्याचं उत्तमचंदचं, नाव एकच. दोन भाऊ आणि दोघांच्या बायका, झाली चार माणसं. गोष्ट इतकी उघड होती की ती कुणी तोंडाने बोललंच नाही. दुकानाला निघायच्या घाईत माणकचंदने सुनेला सांगितलं, "प्रमिला, त्या फॉर्मवर घरातल्या मोठ्या चार माणसांची नावं लिही आणि पाठवून दे." प्रमिलाला या घरात येऊन दहा महिने झाले होते. तिने मोठी माणसं वयाने मोजली. दोघा भावांची भुआ, म्हणजे आत्या, सुगनबाई; मग माणकचंद, त्याची बायको झमकूबाई, आणि उत्तमचंद. चौघं झाली, तिने पाकीट बंद केलं. मुंबईहून टाईप होऊन आलेली यादी धुळ्याच्या पत्त्यावर गेली आणि कमलाने ती आधी उघडली.

माणकचंदने यादी वाचली आणि तो हसत सुटला. "भुआचं नाव! अरे, भुआ कधी धुळ्याच्या पुढे गेली आहे का?"

"तेच म्हणतोय मी."

"पोरीला काय माहीत बिचारीला. उद्या मुंबईला फोन लावू, नाव बदलून घेऊ. मंगळवारपर्यंत मुदत आहे. तू उगाच उपाशी आलास."

हे सगळं गच्चीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जात होतं. तिथे सुगनबाई आणि भिकुबाई ओल्या धोतरावर वर्षाच्या वाळवणाच्या ज्वारीच्या बिबड्या थापत होत्या. भिकुबाई भडगावची, अहिराणी बोलणारी. चाळीस वर्षांपासून या घरचं उन्हाळ्याचं काम तिच्याशिवाय झालं नव्हतं. सुगनबाईंचा हात एका बिबडीवर थांबला, मग पुन्हा चालू झाला.

"माणक," त्या तिथूनच म्हणाल्या, "ब्रसेल्स सापडलं का?"

"नाही ना भुआ. कधीचा शोधतोय."

"फ्रान्सच्या डोक्यावर बघ. बेल्जियम. छोटंसं आहे."

माणकचंदने पाहिलं, तर तिथेच होतं. सुगनबाई शाळेत चौथीपर्यंतच गेलेल्या. पण पुस्तक हातात धरून आधी या दोन भाच्यांची आणि मग माणकचंदच्या पारसची उजळणी त्यांनीच घेतली होती. पोरं पाठ करायची आणि विसरायची, सुगनबाईंच्या ते कायमचं लक्षात राहायचं. युरोपातल्या सगळ्या राजधान्या त्यांना येत होत्या. यात कुणाला कधी काही विशेष वाटलं नव्हतं.

माणकचंदला वाटत होतं ते वेगळंच. त्याला भुआच्या नेमाचा अभिमान होता. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि उत्तम पाचचा. भुआ तेव्हा एकवीस-बावीसची, शिंदखेड्याला दिलेली, वर्षभरापूर्वी विधवा झालेली. भावाच्या पोरांसाठी ती माहेरी आली, आणि दोनच महिन्यांत सासरचे तिला न्यायला आले. त्यांचं दुकान रायचूरला हलत होतं आणि विधवा सुनेने सासरीच राहायचं असा त्यांचा हट्ट.  दुसऱ्या दिवशी भुआ जैन स्थानकात गेली आणि तिथल्या साधूंपुढे, महाराजसाहेबांपुढे, हात जोडून तिने दिशाव्रत घेतलं. श्रावकाने चारी दिशांना सीमा घालून घ्यायची आणि तिच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही, असं ते व्रत. पूर्वेला भुसावळ, पश्चिमेला धुळे, दक्षिणेला पहूर, उत्तरेला तापी. यात शिंदखेडाही बसत नव्हतं, मग रायचूर कुठलं बसायला! व्रतापुढे सासरच्यांचं काही चाललं नाही. ते तसेच परत गेले, आणि दोन पोरांना आई मिळाली. माणकचंद ही गोष्ट पाहुण्यांना अजून सांगायचा, आणि सांगताना प्रत्येक वेळी त्याचे डोळे भरून यायचे.

"तूच सांग तिला," तो भावाला म्हणाला. "वाईट वाटायला नको, की नाव पडलं आणि काढलं."

उत्तमचंद उठून गच्चीच्या टोकाला गेला. बसमध्ये अडीच तास त्याने चांगली कडक वाक्यं जुळवून ठेवली होती, पण ती सगळी दादासाठी होती. भुआसाठी त्याच्याकडे एकही वाक्य नव्हतं.

"भुआ, ते सहलीच्या यादीत तुझं नाव चुकून पडलंय. आम्ही काढून घेतो."

"काढ ना बाबा. मला कुठे जायचंय?" सुगनबाईंनी बादलीत हात धुतले आणि पदराला पुसून कोरडे केले. "पण दाखव तर आधी, कसं लिहिलंय."

त्याने कागद पुढे केला. इंग्रजीतला होता. सुगनबाईंनी तो दोन्ही हातांनी धरला.

"कुठलं माझं?"

"हे. पहिलं."

"बोट ठेव."

उत्तमचंदने बोट ठेवलं, आणि अक्षरांवरून सावकाश पुढे नेलं. आडनावापर्यंत जाऊन थांबला. याच गच्चीवर, खडूने काढलेल्या अक्षरांवरून त्याचं बोट धरून कुणी फिरवलं होतं हे त्याला आठवलं, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"बरंच लांब आहे की माझं नाव," सुगनबाई म्हणाल्या. आणखी थोडा वेळ त्यांनी ते पाहिलं. "छान टाईप केलंय. घे. आता काढ."

उत्तमचंदने कागद घडी करून खिशात टाकला. तो भावाकडे गेलाच नाही, सरळ खाली उतरला. दिवाणखान्यातल्या फोनवरून त्याने धुळे लावलं. लाईन मिळायला वेळ लागला, तेवढ्यात प्रमिला तांब्या-भांडं घेऊन आली आणि दारातच घुटमळली.

"काकाजी, चूक माझी आहे. मला वाटलं, वयाने मोठ्या म्हणजे..."

"थांब पोरी. हॅलो? कमला? ऐक, रागावू नकोस. भुआचं नाव आहे यादीत. नाही, काढलं नाही. माझ्याच्याने होत नाहीये. हो, तुझ्याच जागेवर. अगं, बोल तरी काही."

शेवटी पलीकडून कमला बोलू लागली. प्रमिलाने पाण्याचं भांडं घट्ट धरून ठेवलं होतं.

"बरं," उत्तमचंद म्हणाला. "बरं. हो, सांगतो." त्याने फोन ठेवला आणि चष्मा काढून पुसला. "तुझी काकी म्हणते, माझी दोन्ही बाळंतपणं कुणी केली ते मला आठवतंय, तुम्ही नका सांगू. फक्त परत आल्यावर भुआने आठ दिवस धुळ्याला येऊन सगळं तिला तपशीलवार सांगायचं. तुम्ही सांगितलेलं ऐकणार नाही म्हणते."

तो पुन्हा वर गेला तो दुसराच माणूस होऊन. आल्या आल्या म्हणाला, "दादा, नाव राहू दे. भुआला नेऊ."

माणकचंद चिडला. "वेडा झालास का? व्रत म्हणजे काय थट्टा आहे? एकोणचाळीस वर्षं पाळलंय तिने. आपल्यासाठी पाळलंय. आणि आपणच ते मोडायला लावायचं, ते कशासाठी, तर फुकटच्या सहलीसाठी?"

"स्थानकात साध्वी महासतीजी आहेत. त्यांना विचारू, काही सवलत मिळते का."

"आणि तिथे ती खाणार काय? सूर्य मावळल्यावर ती पाण्याचा थेंब घेत नाही."

"बापूजी," मागून प्रमिला हळूच म्हणाली, "तिकडे मे महिन्यात सूर्य साडेनऊला मावळतो. त्यांच्या पुस्तिकेत लिहिलंय."

"साडेनऊला? रात्री?"

"हो."

"मग त्याला रात्र कशाला म्हणतात?" माणकचंद आणखीच वैतागला.

सगळे का थांबले ते न कळून भिकुबाईने इकडे मान वळवली. "काय व्हयनं व बाई? बठ्ठा गप काबर व्हई ग्यात?"

"काही नाही गं," सुगनबाई म्हणाल्या. "कडेची बिबडी जाड झाली तुझी. नीट थाप."

झमकूबाई इतका वेळ स्वयंपाकघरात होत्या, पण जिन्यातून सगळं खाली येत होतं. त्यांचा पहिला विचार खरं सांगायचं तर बिबड्यांचाच होता. भुआजी गेल्या तर उन्हाळ्याचं काम कोण बघणार? वर्षाचे गहू यायचे आहेत. दुधाचं, गड्यांच्या जेवणाचं, नव्या सुनेचं कसं होणार? त्या मनाशी म्हणाल्या, यांचंच बरोबर आहे, नेम तो नेम. आणि असं म्हणताना त्यांना जरा हायसं वाटलं. ते हायसं वाटणंच त्यांना मग टोचायला लागलं.

कारण त्यांनी आठवून पाहिलं. अबूला गेलो तेव्हा किल्ल्या भुआजींकडे. इंदूरच्या लग्नाला गेलो, पारसला मागे गोवर निघाला, परत आलो तेव्हा पोरगं अंगणात खेळत होतं आणि भुआजी तापाने निजल्या होत्या. काश्मीरला पंधरा दिवस राहिलो, एका रात्रीही घराची काळजी वाटली नाही. इतर बायका प्रवासात गॅस बंद केला का, कुलूप लावलं का करत बसायच्या. झमकूबाईंना सत्तावीस वर्षांत असं कधी वाटलं नव्हतं, आणि त्याबद्दल त्यांनी भुआजींना कधी एक शब्द म्हटला नव्हता. घरच्याच माणसाचे आभार कसले मानायचे, असं त्या समजत आल्या होत्या. आता डाळ ढवळता ढवळता त्यांच्या लक्षात आलं, की आपण कृतज्ञ आहोत, भयंकर कृतज्ञ आहोत, आणि हे त्या बाईला ठाऊकच नाही.

"भाभी!" उत्तमचंद जिन्यावरून ओरडला. "भुआची नेमाची वही कुठे असते? महासतीजींना दाखवायची तर शब्द कसे आहेत ते बघायला हवं."

वही सुगनबाईंच्या खोलीत होती. सगळ्यांना माहीत होती आणि कुणी कधी उघडली नव्हती. सामायिकाला बसायचं आसन, तोंडावर बांधायची मुखवस्त्रिका, जपाची माळ, आणि खाली निळ्या कापडात गुंडाळलेली वही. झमकूबाई गाठ सोडत होत्या तेवढ्यात दारात सुगनबाई येऊन उभ्या राहिल्या. हाताला अजून पीठ होतं.

"ती नको उघडू झमकू."

"का हो? नुसतं बघायचंय. महासतीजींना..."

"त्यांना काही विचारायचं नाहीये. ठेव ती."

सत्तावीस वर्षांत झमकूबाईंनी भुआजींचा एकही शब्द उघडपणे मोडला नव्हता, मागून कुरकुर केली असेल तेवढीच. आज त्यांनी मोडला. पान पिवळं पडलं होतं. अक्षर सासऱ्यांचं, जाड आणि तिरकं. बाराही व्रतं ओळीने लिहिलेली. सहावं दिशाव्रत. पूर्वेला भुसावळ, पश्चिमेला धुळे, दक्षिणेला पहूर, उत्तरेला तापी. आणि त्याच्या खाली, त्याच शाईत, आणखी एक ओळ. माणकची बींदणी घरात येईपर्यंत.

झमकूबाईंनी ती ओळ पुन्हा वाचली. माणकची बींदणी, म्हणजे माणकची नवरी. म्हणजे आपणच.

"भुआजी," त्या म्हणाल्या, "हा नेम मी लग्न होऊन आले त्या दिवशीच सुटला की."

सुगनबाई पलंगाच्या कडेला बसल्या. "हो. महाराजसाहेब म्हणाले होते, पोरं मोठी होईपर्यंतच घे, जन्मभराचा नको घेऊस, तुझं वय लहान आहे. घरात सून आली की तू मोकळी."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"कुणाला सांगू?" त्यांनी हाताचं पीठ चोळून काढायला सुरुवात केली. "तू आलीस त्याच हिवाळ्यात सगळे अबूला निघाले. मी तेव्हा चौतीस वर्षांची. पेटीत एक नवं लुगडं ठेवलं होतं, म्हटलं, विचारतील. घरात आता सून आहे, कुणीतरी म्हणेल, भुआ, तूही चल. निघायच्या सकाळपर्यंत वाट पाहिली. सामान टांग्यात चढलं, आणि भावाने किल्ल्या आणून माझ्या हातात दिल्या. म्हणाला, सुगन, तुझा नेम आहे म्हणून आम्हाला घराची चिंता नाही. तो स्वतःच विसरला होता झमकू, स्वतः लिहिलेलं."

"भुआजी..."

"त्याचा दोष नव्हता. कुणाचाच नव्हता. पण मग मी ठरवलं, नेम असू दे. नेम आहे म्हटलं, की मागे राहायला काहीतरी कारण असतं. नाहीतर काय सांगायचं लोकांना? की मला कुणी विचारलं नाही?" त्यांनी मान वर केली. त्या रडत नव्हत्या, उलट चेहऱ्यावर जरा हसूच होतं. "तू मनाला लावून नको घेऊ. मला खरंच बरं वाटलं आज. त्या पोरीने नाव लिहिलं. आणि लिहिलं ते सगळ्यांत वर. एवढं मला पुरे आहे. आता कमलाचं नाव घाला, तिची हौस आहे."

झमकूबाईंना पुढे काही ऐकू आलं नाही. त्या वही तशीच उघडी धरून जिना चढल्या, गुडघे दुखत असताना न थांबता चढल्या.

"हे वाचा," त्यांनी नवऱ्यापुढे वही धरली. "शेवटची ओळ वाचा."

माणकचंदने चष्मा लावून वाचली. वडिलांचं अक्षर त्याने लगेच ओळखलं. अर्थ लागायला मात्र जरा वेळ लागला, आणि लागला तसा तो अ‍ॅटलासवर मान घालून रडायला लागला. दर वेळी पाहुण्यांपुढे यायचं ते रडणं हे नव्हतं. पाठ हलत होती. उत्तमचंद त्याच्याजवळ खाली बसला, आणि भावाच्या खांद्यावर हात ठेवून तोही रडला. अठ्ठेचाळीस आणि चव्वेचाळीस वर्षांचे दोन दुकानदार भर दुपारी गच्चीवर असे रडताना पाहून भिकुबाई घाबरली. प्रमिलाने तिला हलक्या आवाजात सगळं सांगितलं.

सुगनबाई मागून सावकाश वर आल्या. "काय चाललंय हे? शेजारचे बघतील."

"बघू देत," माणकचंद म्हणाला. "भुआ, मी सगळ्या गावाला तुझ्या नेमाची गोष्ट सांगत फिरलो. आणि तू..."

"खरीच होती ती गोष्ट. जरा लांबली, एवढंच."

"फोन करतो उद्या मुंबईला," उत्तमचंद नाक पुसत म्हणाला. "सांगतो, यादी बरोबर आहे. पासपोर्टच्या फॉर्मवर सकाळीच सह्या करू. भुआचा फोटो काढायला हवा."

"आणि गरम पाण्याचे थर्मास दोन घ्यावे लागतील," माणकचंद म्हणाला. "खाकरे, बाजरीची..."

"थांबा," झमकूबाई म्हणाल्या.

त्या दोघा भावांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्ही दोघं भाऊ सकाळपासून भांडताय. नाव काढायचं, नाव ठेवायचं, महासतीजींना विचारायचं. मुंबईला विचारायचं, धुळ्याला विचारून झालं. यांना कुणी विचारलं का?"

 झमकूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग त्या सुगनबाईंसमोर गेल्या, वाकल्या आणि पाया पडल्या. दिवाळी नव्हती, पाडवा नव्हता, कुणाचं लग्न नव्हतं.

"भुआजी," त्या म्हणाल्या, "तुमच्या जिवावर मी सगळीकडे फिरले. कधी बोलले नाही, आज बोलते, तुमचे माझ्यावर फार उपकार आहेत. आम्ही सहलीला निघालो आहोत. तुम्ही आमच्याबरोबर येता का?"

सुगनबाईंनी एकदा वाळत घातलेल्या बिबड्यांकडे पाहिलं.

"तू जाय ना माय," भिकुबाई म्हणाली. "बठ्ठं मी देखसू. घर काय पळी जाई ऱ्हायनं का?"

"मी पण आहे ना भुआजी," प्रमिला म्हणाली. "किल्ल्या माझ्याकडे द्या."

सुगनबाईंचा हात कमरेकडे गेला. जुडगा सोडताना त्यांना वेळ लागला, कारण गाठ जुनी होती. त्यांनी तो प्रमिलाच्या हातात ठेवला, आणि मग झमकूबाईंकडे पाहिलं.

"येते," त्या म्हणाल्या.

एवढं बोलून त्या चटईवर बसल्या. अ‍ॅटलास त्यांनी स्वतःकडे ओढला आणि पानावर पडलेले भाच्याच्या आसवांचे थेंब पदराने टिपले.

"माणक, पेन्सिल दे इकडे," त्या म्हणाल्या. "आणि आधी ही रेघ पूस. ब्रसेल्स समुद्रात नाहीये."